हीटर आणि आईचा माठ
रत्नागिरीहून निघाले त्या दिवशी आईनं दारातच थांबवून माठातलं पाणी दिलं होतं. "कोरड्या घशानं घर सोडू नये गो," म्हणाली. दादा, तू रिक्षात बॅगा भरत होतास. दोन वर्षं आखाती देशात नर्सिंग करीन नि परत येईन, असं मला खरंच वाटत होतं. दोनाची किती झाली हे आता मोजतही नाही.

बाबा गेल्यावर मी आईला हट्टानं इथं हुफूफला आणलं. व्हिसा आहे तोवर तरी तिनं माझ्याजवळ राहावं, एवढंच मनात होतं. तिला फ्रिजचं पाणी चालेना, बाटलीचं तर नाहीच. मग इथल्या कुंभाराकडून माठ घेतला. हॉलमधल्या फळीवर, हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या बाजूला तो बसला, नि आईनं त्याला ओलं फडकं गुंडाळलं.

थंडी पडली, हीटर लावला, तर तो बंदच होईना. घराची भट्टी झाली नि थर्मोस्टॅटवर घराचं तापमान मात्र पंधरा. बॅटऱ्या बदलल्या, सेटिंग वीसवर उतरवलं. मेंटेनन्सवाल्यानं माठ सरकवून नवा थर्मोस्टॅट बसवला. "खलास, सिस्टर, अब टेन्शन नहीं," म्हणाला. आईनं माठ परत जागेवर सरकवला. नव्यावरही पंधराच. उकडतंय म्हणून ती फडकं पुन्हा पुन्हा भिजवी.

शेवटी म्हणाली, "तुझ्या घरात जीव कासावीस होतो. मला आपल्या घरी पाठव." त्या 'तुझ्या'नं मला रडू आलं. तिचं तिकीट काढलं.

जायच्या दिवशी दुपारी तिनं फडकं वाळत टाकलं नि माठ धुऊन पालथा घातला. थोड्या वेळानं हीटर आपोआप थांबला. आम्ही दोघी भिंतीकडे बघत राहिलो. माठाचं ओलं फडकं आजवर थर्मोस्टॅटला टेकत होतं. त्या बिचाऱ्याला घर कायम गारच वाटत होतं.

"म्हणजे इतके दिवस मीच घर तापवत होते?" आई म्हणाली नि हसत सुटली. बाबा गेल्यापासून तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

विमान रात्रीचं होतं. 'राहा' म्हणायचा मला धीर होईना. तिनं माठ स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेला, भरला, फडकं भिजवून गुंडाळलं. "आत्ता पिऊ नको. गार व्हायला उद्या उजाडेल."

तेवढ्यात तुझा फोन आला, तिकडे एअरपोर्टवर तिला घ्यायला किती वाजता येऊ म्हणून. ती तुला काय म्हणाली ते तू विसरला असशील, दादा. मी नाही विसरले. "येऊ नको रे. आमच्या घरचा हीटर आता बरा झालाय."