डब्यातली घरघर

"आवाज येतोय का?"

काका बोट वर करून एवढंच विचारायचे आणि श्वास रोखून बसायचे. मग मीही बसायचे. त्यांच्या घरच्या त्या खोलीत एक टेबल, टेबलावर माइक, टेबलाखाली कॉम्प्युटरचा काळा डबा आणि आम्ही दोघं. शेवटी मी म्हणायचे, "नाही हो काका, काही नाही." त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी परीक्षेत कॉपी करताना सापडले आहे.

"तुमचा स्वभाव भिडस्त आहे," ते म्हणायचे. "येतोय आवाज."

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. संस्था म्हणजे बुधवार पेठेत दुकानांच्या डोक्यावर दोन खोल्या, आणि खाली दिवसभर हॉर्न. त्यामुळे वाचणारी मंडळी आपापल्या घरी वाचतात, पेनड्राइव्ह आणून देतात आणि मी हेडफोन लावून तपासते. तुम्ही म्हणाल, बसून तर काम आहे. अहो, फुकट वाचून देणाऱ्या माणसाला "तुमच्या मागे कुकरची शिट्टी वाजतेय, परत वाचा" असं एकदा सांगून बघा. मग कळेल.

काकांना हे दोनदा सांगावं लागायचं नाही. हडपसरच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर उभी हयात काढून निवृत्त झालेले. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून मी म्हटलं, वाचन फार छान आहे, फक्त मागे कॉम्प्युटरच्या पंख्याची बारीक घरघर येते. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. काकांनी ते मनावर घेतलं.

"नवा बिनआवाजाचा कॉम्प्युटर घ्या की," त्यांच्या मुलाने बंगळुरूहून फोनवर सुचवलं. त्यावर काकांचं उत्तर तयार होतं. "विकत घ्यायला अक्कल लागत नाही."

मग सुरू झाला कारखाना. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या चकत्या हार्ड डिस्कच्या स्क्रूंखाली बसल्या. गच्चीची गळती थांबवायला लावतात त्या डांबरी कागदाचे उरलेले तुकडे डब्याच्या पत्र्याला आतून चिकटले. "पत्रा जड केला की थरथरत नाही," काका म्हणाले. डब्याच्या पायांखाली झिजलेल्या स्लिपरचे तळवे आले. पंखा तर त्यांनी स्क्रू काढून चक्क चड्डीच्या इलॅस्टिकवर टांगला. "नवं कोरं इलॅस्टिक आहे हो," काकूंनी मला आवर्जून सांगितलं.

भिंतीला लावायला अंड्यांचे रिकामे ट्रे आणले, ते मात्र काकूंनी दारातच अडवले. "ह्या घरात कधी अंडं आलं नाही, ट्रे कशाला येतोय?" मग भिंतीवर गोधडी आणि सतरंजी चढली. मी हसून हसून दमले. पण पुढचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि थक्क झाले. काकांच्या आवाजामागे काही म्हणजे काहीच नव्हतं. मी फोन करून तोंड भरून कौतुक केलं.

"तुम्हाला नसेल ऐकू आला," काका म्हणाले. "अजून येतोय."

गंमत इथे संपली. काकांनी भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. फ्रिजखाली रबर घातलं. दाराच्या बेलची वायर सोडवून ठेवली. खोलीच्या दाराला आतून गादीचा फोम मारला, फटींत चिंध्या कोंबल्या. दुपारी सगळी सोसायटी जेवून आडवी झाली की ते खोलीत जायचे आणि जाताना बाहेरच्या कडीला लाल फडकं बांधायचे. फडकं आहे तोवर मिक्सर नाही, भांडी नाहीत, फोन नाही, आणि दाराला हात लावायचा नाही. काकू तोवर स्वयंपाकघरात पाट टाकून, भिंतीला पाठ लावून गप्प बसायच्या. एकदा मी त्या वेळी गेले, तर त्या मला खुणेने आत घेऊन कुजबुजत बोलायला लागल्या. स्वतःच्या घरात चोरासारखं कुजबुजणं! मला ते बघवलं नाही.

"गुडघे गेलेत, त्यात मधूनच चक्कर येते," त्या हळूच म्हणाल्या. "एखाद्या दिवशी इथे पडले ना मी, तर ह्यांना प्रकरण संपल्यावर कळेल." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मी बंद दाराकडे बघत राहिले.

त्या दिवशी काका बाहेर आल्यावर मी धीर करून म्हटलं, "काका, घरघर रेकॉर्डिंगमध्ये नाहीये. एकदा कान तपासून घ्या ना."

"माझे कान? तुम्हाला येत नाही तो आवाजसुद्धा मला येतो. मग तपासायचे कोणाचे?"

असं पुणेरी उत्तर आलं की समोरच्याने गप्प बसायचं असतं. पण तेवढ्यात ते मला खोलीत घेऊन गेले, टेबलाखाली वाकले, डब्याला कान लावला आणि म्हणाले, "बघा, आत्ताही येतोय." मी डब्यावर हात ठेवला. त्यात जराही थरथर नव्हती. भिंतीवरचं बटण बंद होतं.

"अहो काका, हा बंद आहे."

ते उठले, बटण पाहिलं, परत डब्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. "मग कुठून येतोय?" त्यांनी विचारलं, ते मला नव्हतंच.

तुम्हीही कोणाच्या बाबतीत हे पाहिलं असेल. माणसाला ऐकू कमी यायला लागलं की ते त्याच्या सोडून सगळ्यांच्या लक्षात येतं. काका रेकॉर्डिंगमध्ये मोठ्याने वाचू लागले, मग ओरडून. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये पुरेसा येईना म्हणून कॉम्प्युटरवर माइकच्या आवाजाची पट्टी वाढवत गेले. आता मला त्यांच्या श्वासाचा, बाहीच्या घासण्याचासुद्धा आवाज येऊ लागला. मी मुलाला फोन केला, त्याने "दिवाळीत येतो तेव्हा डॉक्टरकडे नेतो" असं सांगितलं. काकूंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "पुस्तक संपू दे. वाचन बंद झालं तर हा माणूस करणार काय दिवसभर?"

पुस्तक राज्यकारभाराचं होतं. वर्ध्याहून आलेली एक मुलगी त्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. "मॅडम, काकांचं झालं का हो?" म्हणून तिचा फोन यायचा. शेवटचं एकच प्रकरण उरलं होतं.

ते प्रकरण काकांनी मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दिलं. सकाळी शेजारणीचा फोन आला होता, काकू आदल्या दुपारी स्वयंपाकघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय. मी धावत गेले. काका बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"वाचून झालं, बाहेर आलो, फडकं सोडलं, तर ही ओट्यापाशी पडलेली," ते म्हणाले. सगळा व्हरांडा वळून बघत होता, एवढ्या मोठ्याने. "मी शेजारच्या खोलीत होतो हो ताई. हाक मारली असती तर आलो नसतो का? हिने हाकच मारली नाही."

आत काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "नाही मारली मी हाक. शुद्धच नव्हती मला."

त्या दुपारी ऑफिसात मी हेडफोन लावले. काका पंचायत राजबद्दल वाचत होते, दणदणीत, न अडखळता. मध्येच मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग "अहो". अगदी रोजच्यासारखं, मीठ संपलंय हे सांगायला हाक मारावी तसं. काका वाचत राहिले. मग "अहो, इकडे या". पान उलटलं. मग जोरात, मग रडत, मग नुसतंच "अहो... अहो..." काका ग्रामसभेपर्यंत पोचले होते. त्यांनी घर असं गप्प केलं होतं आणि माइक असा वाढवला होता की फोमच्या दारापलीकडून आलेल्या हाकेतला एकही शब्द बुडाला नव्हता.

प्रकरण संपल्यावर काका नेहमी थोडा वेळ माइक चालू ठेवून गप्प बसायचे, मागे काही येतं का ते मला तपासता यावं म्हणून. तसे ते याही वेळी बसले. त्या शांततेत फक्त काकू होत्या. मी हेडफोन काढून टेबलावर टाकले आणि ढसाढसा रडले.

दोन दिवसांनी हॉस्पिटलात गेले तेव्हा काका माझी वाटच बघत होते. कॉटजवळ गेल्या गेल्या त्यांनी बोट वर केलं.

"शेवटची फाइल ऐकलीत? आवाज येतोय का?"

मी हातातली पिशवी कॉटखाली ठेवायला वाकले.

"मी विचार केला," ते म्हणाले, "हिने हाक मारली असती तर माइकमध्ये आली असती. यंत्र काही भिडस्त नसतं. सांगा, येतोय का?"

त्यांच्या मागे काकू उशीवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी हळू मान हलवली, नाही म्हणून.

"नाही," मी काकांच्या कानाशी ओरडले. "काही आवाज नाही!"

काकांचे खांदे सैल पडले. "बघ," ते काकूंना म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

शेवटचं प्रकरण मी स्वतः वाचून त्या मुलीला पाठवलं. पण मूळ फाइल काकांच्या घरी, त्या काळ्या डब्यात होती. रात्रंदिवस तेच डोक्यात. त्यात हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी काकांना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. घरघर कानातच होती, प्रेसवरच्या वर्षांची. मशीन लावायचं ठरलं. काकांनी खुशीत मला फोन केला. "मशीन आलं की आधी माझं सगळं पुस्तक पहिल्यापासून ऐकणार!"  मी काकूंना फोनवर म्हटलं, ती फाइल काढून टाकायला मी घरी येऊ का? त्या आता घरी आल्या होत्या, वॉकर धरून उभ्या राहायला शिकत होत्या. म्हणाल्या, "ते त्या खोलीतून उठतात कुठे? देवाला काळजी."

मशीन आलं. पुढच्या आठवड्यात, दुपारी, त्यांचा फोन आला.  काका बोलले, किती दिवसांनी हळू आवाजात.

"येतोय हो ताई. स्पष्ट येतोय."

आणि फोन ठेवला.

माझा फोन त्यांनी पुन्हा उचलला नाही. शेवटी मी घरीच गेले. बेल वाजली, खणखणीत. काकूंनी वॉकर सरकवत दार उघडलं. मला वाटलं होतं, खोलीचं दार बंद असेल. दारच नव्हतं. बिजागऱ्यांतून काढून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलं होतं, फोम अजून त्याला चिकटलेला. गोधड्या खाली आल्या होत्या. डब्याचे दोन्ही पत्रे काढलेले, आणि माइकच नसलेल्या त्या खोलीत कॉम्प्युटर उघड्या पोटाने भणभणत होता.

काका स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, ओट्याकडे तोंड करून. कानाला मशीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, विचारलं काहीच नाही. 

"दिवसभर इथेच असतात," काकू म्हणाल्या. "मी झोपले तरी इथेच."

मग त्यांना वरच्या फळीवरचा चहाचा डबा हवा होता. त्या नेहमीच्या, मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो..."

त्यांचं म्हणून व्हायच्या आत काका उठून उभे राहिले होते.