कुसुमने परत पाठवलेला टेम्पो

सानगडीहून माझ्या कचेरीतल्या मैत्रिणीच्या, कुसुमच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. आता महिना होत आला. रडून झालं, आता लिहायला हवं. भंडाऱ्यात इंटरनेट मोबाइलबरोबर आलं असं माझी नातवंडं समजतात आणि ते मला मुळीच मान्य नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिल्हा कचेरीच्या गच्चीवर एक भलीमोठी छत्री बसली. इंटरनेट हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. खालच्या खोलीत टाइप केलेलं उपग्रहावरून थेट दिल्लीच्या संगणकात उमटतं, एवढंच कळलं होतं. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून येणारी टायपिस्ट, कुसुम धान पिकवणाऱ्या घरातली पहिली पदवीधर. ऑपरेटर म्हणून तिला नेमलं तेव्हा जुन्या बाबूंची तोंडं वाकडी झाली. इथे हे चालायचं नाही, असं ते तिच्या तोंडावर म्हणत. तिने ते पुरतं मनावर घेतलं. डबा खायलासुद्धा ती त्या संगणकाच्या पडद्यासमोरून उठत नसे.

यंत्र बसवायला पुण्याचे एक इंजिनिअर आले होते. जाताना त्यांनी बजावलं, आठवडाभर चाचणीचे संदेश पाठवा आणि संध्याकाळी मला फोनवर कळवा. जमलं नाही तर यंत्र दुसऱ्या जिल्ह्याला देऊ. कुसुम रोज ट्रंक कॉल लावायची आणि घसा फोडून सांगायची, "साहेब, संदेश जाऊन राहिले." आठवडा संपला आणि कचेरीसमोर टेम्पो येऊन उभा राहिला. सोबत तेच साहेब, दोन हमाल, दोरखंड...

कुसुम खोलीच्या दारात आडवी झाली. "काहून नेऊन राहिले?"

"बाई, तुम्हीच रोज सांगत होतात, संदेश राहिले म्हणून."

खरखरत्या लाइनवर साहेबांना 'राहिले' तेवढंच ऐकू जात होतं. पुण्यात राहिलं म्हणजे राहूनच गेलं. आमच्याकडे जाऊन राहिलं म्हणजे व्यवस्थित चाललंय. दिल्लीला विचारून बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. मला हसू फुटलं, पण कुसुमचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता बसा अन् डोळ्यानं पाहा," म्हणत तिने साहेबांना खुर्चीत बसवलं आणि दिल्लीच्या ऑपरेटरला इंग्रजीत विचारलं, आमचे संदेश मिळतात का. हिरवी अक्षरं गेली... हमाल दोर धरून उभे, बाबू दारात गोळा झालेले. मग पडद्यावर उत्तर आलं. रोज मिळतात, आज उशीर का झाला?

साहेब मोठ्या मनाचे, पोट धरून हसले. "यापुढे 'पाठवले' म्हणत जा," ते म्हणाले.

"मी काहून बदलू साहेब? तुमीच शिकून घ्या आमचं."

टेम्पो रिकामा गेला. पण यंत्र न्यायला पुन्हा कोणाला निमित्त सापडू नये, ही धास्ती तिला कायमची लागली. धुळीने ते बिघडतं असं कळल्यावर तिने सगळ्यांना दाराबाहेर चपला काढायला लावल्या. कलेक्टरसाहेबांनाही तिने सोडलं नाही, आणि तेही बिचारे वाकून बुटांच्या नाड्या सोडत.

मागच्या आठवड्यात एका दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. गच्चीवरची छत्री कधीच उतरली आहे, यंत्रही भंगारात गेलं. त्या खोलीत आता जुन्या फायलींचे गठ्ठे आहेत आणि जमिनीवर बोटभर धूळ. दाराबाहेर मात्र चपलांचे जोड ओळीने लावलेले होते. आतल्या मुलीला विचारलं, इथे चपला कशाला काढता गं?

"मालूम नाही मावशी. इथं काढाच लागते."

मीही काढल्या, आणि त्या धुळीत अनवाणी आत गेले.