खिमा पॅटीसचा माळकरी परीक्षक

आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांइतका शिस्तीचा माणूस भुसावळच्या रेल्वे कॉलनीत झाला नाही, आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचा रविवार वेळापत्रकावर चालतो. सहाला मैदा मळायचा, सातला लोण्याची पहिली घडी, आठला दुसरी. घडी घालताना कुणी बेल वाजवली तर आतून आवाज येतो, "सिग्नल नाही! थांबा!" आणि दूधवाला बिचारा थांबतो. चर्चहून आल्याबरोबर फूटपट्टीने चौकोन आखून खिमा भरायचा आणि ट्रे घेऊन बेकरी गाठायची. दिवाळीत आमच्या नानकटाईचे ट्रे जसे बेकरीच्या भट्टीत जातात, तसे यांचे पॅटीस दर रविवारी जातात. घरी ओव्हन घ्या म्हटलं की साहेब दुखावतात. खिम्यात मिरी आणि दालचिनी, बस्स. "साहेबी पदार्थ आहे हा. गावठी मसाल्याला इथं प्रवेश नाही!"

या सगळ्यात माझं काम परीक्षकाचं. मी गळ्यात माळ घातलेला माणूस, मांसमच्छी आमच्या घरात शिजत नाही. पण त्यांचा हिशेब वेगळाच. "खाणारा भिडेखातर चांगलं म्हणतो. तुम्ही खाणारच नाही, तर खोटं कशाला बोलाल? वास घ्या आणि सांगा." वहिनी होत्या तोवर ही नुसती गंमत होती. पॅटीस त्या करायच्या आणि हे घड्याळ धरून उभे राहायचे. मी कुंपणावरून नाक पुढे करून "फर्स्ट क्लास!" म्हणायचो. साहेब मिशीवरून हात फिरवायचे, वहिनी पदराआड हसायच्या.

वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं होतील. महिनाभर साहेब कुणाशी बोललेच नाहीत. मग एका रविवारी कुंपणावर बशी आली. "तिच्यासारखा झाला का?" मी वास घेतला. नव्हता झाला. सांगणं जिवावर आलं, पण माझी नेमणूकच खरं बोलण्यासाठी झालेली. "नाही हो," म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्यांनी मिरी वाढवली, पुदिना घातला, लोणी बदललं. दर नकाराला माणूस थोडा वाकत गेला. नेमकं काय कमी आहे ते मला सांगता येईना, आणि त्याची मलाच लाज वाटायची.

मागच्या महिन्यात बशी आली आणि मी ओरडलोच, "अहो, हाच! हाच वहिनींचा!" साहेबांनी तुकडा तोंडात टाकला, कुंपण घट्ट धरलं आणि माझ्यादेखत रडले.

दहा मिनिटांत बेकरीमागे राहणाऱ्या अक्का ट्रे घेऊन फाटकात हजर. त्या धुळ्याकडच्या, आवाज खणखणीत. "भाऊ, हाऊ ट्रे तुमना शे! मना तुम्ही उचली लयनात!"

उभ्या नोकरीत एक डबा इकडचा तिकडे होऊ न दिलेला माणूस दुसऱ्याचे पॅटीस उचलून घेऊन आला होता! एरवी मी त्यांना महिनाभर चिडवलं असतं. साहेबांनी फक्त विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ताईनीच! खिमामा आपला काळा मसाला टाके ती. मीच कुटीसन देऊ तिले."

काळा मसाला! तो आमच्या वांग्याच्या नाहीतर शेवेच्या भाजीत रोज पडतो. घरचाच वास, म्हणून या गाढवाच्या नाकाला ओळखता आला नाही.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

अक्कांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गावना मसाला चालाव नही, आसं तुम्हीच म्हनेत ना भाऊ. तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

साहेबांनी अक्कांना बेकरीपर्यंत पोचवलं.

परवाच्या रविवारी बशी पुन्हा आली, जरा उशिराच. मी म्हटलं, "हाच." साहेबांनी मान हलवली.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ते म्हणाले, "ती पदराआड तुमच्या नाकाला हसते."