मापाआधी ओढलेली दोरी

लेकीने गोल केला, सगळ्या मैदानाने पाहिला, आणि तो गोल धरलाच नाही. अजूनही मला हे खरं वाटत नाही.

मी आंधळगावची विणकर, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणते. मैदानावर जाऊन खेळ पाहायची ही माझी पहिलीच वेळ, आणि खेळ कोणता, तर लॅक्रॉस. काठीच्या टोकाला जाळी असते, जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं आणि समोरच्या गोलात फेकायचा, एवढं लेकीने मला शिकवून ठेवलं होतं. बाकीचं मी माझ्या अकलेने लावत होते. तिची काठी आमच्या घरी मागाशेजारीच टेकवलेली असते. जाळी सैल पडली की तिथेच बसून ती दोऱ्या आवळते. सुतात वाढलेली पोर, गाठ मारायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

त्या दिवशी भंडाऱ्याला जिल्ह्याची फायनल होती. समोर तुमसरच्या पोरी. जिंकेल ती टीम राज्याला जाणार होती. लेक बारावीला, म्हणजे शाळेकडून खेळायचं हे शेवटचं वर्ष. उन्हाळ्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. तेवढ्यात लेक दोघींच्या मधून सुटली आणि तिने चेंडू असा हाणला की गोलात उभी असलेली पोर पाहतच राहिली. मी ओरडले. डोक्यावरचा पदर कुठे गेला, कळलं नाही. तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मात्र लेकीकडेच पाहत होते. पंच मॅडम तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी काठी मागितली. मला वाटलं, कौतुकाने बघत असतील. लेकीने जाळीखाली लोंबणारी दोरी बोटात धरून जराशी ओढली आणि काठी त्यांच्या हातात दिली.

शिट्टी वाजली. गोल रद्द! वर पिवळं कार्ड दाखवून लेकीला बाहेर बसवलं आणि काठी पंचांच्या टेबलावर ठेवून दिली. काय झालं हे समजेपर्यंत इकडे एक पोर कमी पाहून तुमसरने गोल केला आणि सामना संपला. मी बधिर झाले होते. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, मला तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

मग माझं डोकं फिरलं. चपला मैदानाच्या काठावर सोडून मी तरातरा आत गेले.

"मॅडम, गोल काहून नाई धरला? माह्या पोरीनं काय चोरी केली?"

"ताई, काठी तपासायला मागितल्यावर तिने दोरी ओढली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाचा मला जास्तच राग आला.

"ओढली तं काय झालं? मोजून तं पाहा न आधी!"

मॅडमनी जाळीत चेंडू ठेवला आणि काठी माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरली. जाळी फार सैल असली की चेंडू आत रुतून बसतो, कोणाला काढता येत नाही. म्हणून तो कडेच्या वर दिसला पाहिजे. आणि तो दिसत होता, चांगला बोटभर.

"मंग? बरोबर हाये न?" मी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू कोर्टात केसच जिंकले.

"आता बरोबर आहे. ओढायच्या आधी किती सैल होती, हे आता तुम्ही सांगाल का? मलाही सांगता येणार नाही. म्हणून मागितल्यावर दोरीला हात लावला की काठी बाद. मग ती चांगली असो की वाईट."

मी हबकलेच. कारण ते मला समजलं. समजू नये असं फार वाटत होतं. साडी मोजताना व्यापारी कापड ताणायला लागला की मीच त्याच्यावर खेकसते, मापाला धरलं की हात लावायचा नाही म्हणून. कुठला हा परका खेळ, आणि त्यातून माझ्याच ओसरीवरचा नियम निघून माझ्या तोंडावर आला होता.

पण मागून लेक ओरडली, "मी दोरी ओढलीच नाई! खोटं बोलून राहिल्या मॅडम!"

मैत्रिणीही ओरडायला लागल्या. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, तरी शपथा सगळ्यांच्या. लेकीच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचा चेहरा उजळला. दुसरे पंच तेव्हा पाठमोरे होते, हे त्यांना ठाऊक होतं. "मग आपण हरकत घेऊ," ते म्हणाले. "पण ओढली नाही असं छातीठोक सांगणारं कोणीतरी पाहिजे."

लेकीने माझा हात धरला. "आई मलेच पाहून राहिली होती. आई, सांग यायले."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना तिची नजर खाली जाते. आता ती सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होती. पोर खोटं बोलत नव्हती. आपण दोरी ओढली, हे तिला माहीतच नव्हतं! त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का मला हा बसला. घरातून साडी बाहेर देताना आम्ही सगळेच काठाचं सूत ओढून सरळ करतो. मी करते, तिचा बाप करतो. हात आपोआप जातो.

नाही ओढली, एवढंच म्हटलं की झालं असतं.

"ओढली तू," मी म्हटलं. "माह्या डोळ्यानं पाह्यलं."

ती माझा हात सोडून मागे सरली. "आई, तू बी?"

मॅडमनी काठी तिला परत दिली. ती घेऊन लेक रडतच माझ्यावर ओरडत होती, "मी कायले ओढीन? मले नियम माहीत नाई का? सरायनं कितीदा सांगतलं! मी ओढलीच नाई!"

मी तिच्या हाताकडे पाहत होते. मी कुठे पाहतेय म्हणून तिनेही खाली पाहिलं. बोलता बोलता तिच्या बोटांनी ती दोरी धरली होती आणि हलकेच ओढून सरळ केली होती.

तिने दोन्ही हात झटकन मागे घेतले. काठी खाली पडली.