ढोलीवरचा स्पीकर

आमच्या घरात देवाचा फोटो नव्हता, पत्रकांचा गठ्ठा होता. भोंदूबाबांविरुद्धची, हुंड्याविरुद्धची पत्रकं. अक्षरं जुळवायला मी त्यांवरच शिकले. वडील सांगायचे, "कोनी सांगतलं म्हनून मानू नोको. मोजून पाह."

याच माणसाने धानाच्या ढोलीवर स्पीकर बसवला होता. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली माणसाएवढी कोठी. तिच्या लाकडी झाकणाला गोल भोक पाडून त्यांनी एक जुना मोठा स्पीकर आवळला आणि तारा टेपला जोडल्या. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, स्वतः रेकॉर्ड केलेली दंडारीच्या लोकनाट्याची कॅसेट लावली की ढोलक आधी तळपायाला लागायची, मग कानाला. वडील ढोलीला पाठ टेकून बसत. विकतच्या स्पीकरला हिणवत म्हणत, "कंपनीचा डबा असा नाही बोलत."

मी कॉलेजात असताना गोंदियाहून एक मित्र लॅपटॉप आणि माइक घेऊन आला. त्याला मीच बोलावलं होतं. दावा आहे तर तपासायचा, दुसरं मी काय शिकले होते? स्पीकरमधून एक सूर घुमत खालून वर चढत गेला आणि पडद्यावर रेघ उमटली. सगळे सूर सारख्याच जोराने वाजले तर ती सपाट यायला हवी होती. सुरुवातीलाच टेकडीसारखी फुगली, पुढे खड्ड्यात गेली.

"काका, ये स्पीकर नहीं, नगाड़ा है!" मित्र हसला. "कॅसेटमध्ये नाही ते ही ढोली घालते. तुम्हाला आवडतो ना, तोच दोष आहे."

वडील हसले नाहीत. "कागदावर काहाडून दे," म्हणाले. मित्राने एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर रेघ काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाकणावरच्या तारा सोडवत होते.

"काऊन काहाडून राहिले, बाबा?"

"मोजलं ना? चुकीचं निंगालं. लोकायले एक नियम अन् आपल्याले दुसरा, असं चालते का?"

पंधरा दिवस टेपवर फडकं होतं. दुपारी ते अंगणात नुसते बसून राहत, आणि ते मला बघवेना.

मला राग आला. यंत्राचा नाही. ती रेघ खरी होती, तिच्याखाली मी आजही सही करेन. पण आवाज कसा आहे हे सांगणाऱ्या रेघेला, तो कसा आवडावा हे ठरवायचा हक्क कोणी दिला? भोंदूबाबा लोकांना घाबरवतो, लुटतो. ढोलीने कोणाला लुटलं होतं? आणि वडिलांचा दावा तरी काय होता? डबा असा बोलत नाही, एवढाच. रेघेने तोच तर सिद्ध केला होता!

मी खळ शिजवली, तो कागद रेघेची बाजू वर ठेवून ढोलीवर चिकटवला आणि तारा जोडायला घेतल्या.

"कायले जोडून राहिली?" वडील दारातून म्हणाले.

"तुमी म्हनत होते, डबा असा नाही बोलत. मोजलं. खरंच नाही बोलत. हा पुरावा."

ते जवळ आले. टेकडीवरून बोट फिरवत खड्ड्यापर्यंत गेले. मग ढोलीवर थाप मारून म्हणाले, "आता धान अर्धाच हाये. भरल्यावर रेघ येगळी येईन. बलाव त्या तुह्या दोस्ताले."

"बलावतो. पन तारा आता सोडाच्या नाही."

"नाही सोडत," म्हणाले, आणि ढोलीला पाठ टेकून बसले. मी कॅसेट घातली. ढोलक सुरू झाली तसा ओल्या खळीवरचा कागद थरथरू लागला.