माझी शांत खोली

माझी पाठ आता दुखत नाही. हे सांगताना आनंद व्हायला हवा, पण होत नाही.

ऑफिस बंद होऊन घरून काम सुरू झालं, तेव्हा वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सुरुवातीला पलंगावरच बसायचे. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. मान आखडली, मग कंबर धरली. तेवढ्यात कंपनीच्या सूचना आल्या. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत असावा, उजेड बाजूने यावा, तळपाय पूर्ण टेकावेत, आजूबाजूला शांतता असावी. हे लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा कुकर नसावा.

तरी मी जिद्दीने सगळं जमवलं. आतल्या खोलीत खिडकीच्या बाजूला टेबल लावलं, लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला, कंबरेला आधार देणारी खुर्ची घेतली. पण मी बुटकी. खुर्ची टेबलाला जुळवली की पाय लोंबकळायचे. सासऱ्यांनी दारातून ते पाहिलं. आत गेले आणि स्वतःचा जेवायला बसायचा पाट आणून माझ्या पायांखाली सरकवला.

"अहो बाबा, पाटाला पाय कसे लावू?"

"लाकूडच हाये ते, बाई. दिवसभर पाय लटकले तं सुजतीन ना."

त्या दिवसापासून ते चादरीची घडी घालून तिच्यावर जेवायला बसू लागले. नवा पाट आणू, असं मी दोन-तीनदा म्हटलं. आणला मात्र नाही.

उरली शांतता. सासरे विदर्भातले. त्यांची सगळी नोकरी कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेली. शेजारच्याशी बोलायचं तरी तिथे ओरडावं लागे, आणि तोच आवाज त्यांच्यासोबत पुण्यालाही आला. त्यांचे थोरले भाऊ त्याच गिरणीतले, गावाकडे असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं. दोघांचा रोज दुपारी फोन व्हायचा. कापसाचा भाव, कुणाच्या पोरीचं लग्न, गिरणीतल्या जुन्या मुकादमाच्या नकला. सासरे हसले की मांडणीतले पेले वाजतात, असं सासूबाई म्हणायच्या. माझं माहेर पुण्यातलंच. आमच्याकडे भांडणंसुद्धा हळू आवाजात आणि 'आपण' म्हणत होतात. मला त्या फोनचा त्रास व्हायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा मीटिंगमध्ये माझा माईक चालू होता आणि बाहेर सासरे खदखदून हसले. घरी भांडण चालू आहे का, असं पलीकडून कुणीतरी विचारलं. सगळे हसले, मीही हसले. मीटिंग संपल्यावर बाहेर जाऊन अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाबा, आपण फोनवर जरा हळू बोलाल का? माझं काम चालू असतं."

मी चिडले असते तर त्यांनीही मला चार शब्द सुनावले असते आणि संध्याकाळच्या चहापर्यंत दोघं विसरून गेलो असतो. इतक्या सभ्यपणे बोलल्यावर समोरच्याने काय करायचं?

"चुकलंच बाई माहं," ते म्हणाले.

त्यानंतर मी दाराच्या फटीला रबराची पट्टीही लावून घेतली, पण तिची गरज पडलीच नाही. कुकरच्या शिट्ट्या माझ्या मीटिंगआधी होऊ लागल्या. सासू-सासरे टीव्हीचा आवाज बंद ठेवून मालिका बघायचे आणि कोण कुणाचा वैरी हे चेहऱ्यांवरून ओळखायचे. सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, ही रीत सासूबाईंनी त्यांच्या काळी पाळलेली. माझ्या घरात ती नेमकी उलटी झाली होती. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस.

दुपारचे फोन आखूड होत गेले. सासरे पुटपुटायचे आणि भावांना काही कळायचं नाही. "हो. ठीक हाये. ठेवतो." एवढ्यावर संपायचं. मुकादम तर कधीचाच बंद झाला होता. हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण माझं काम छान चाललं होतं, साहेब खूश होते, पाठ मोकळी झाली होती. मी दार ओढून घ्यायचे.

आता आठवड्यातले तीन दिवस खराडीला ऑफिसात जाते. मध्यंतरी एका रविवारी हॉलमध्ये मटार सोलत बसले होते. लॅपटॉप बॅगेत होता. सासरे समोरच होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी आधी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग तोंडावर हात आडवा धरून कुजबुजायला लागले. पलीकडून भावांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "अबे, जोरानं बोल ना! आयकूच नाही येऊन राह्यलं!"

सासरे आणखी हळू म्हणाले, "सून काम करून राह्यली."

सून त्यांच्यासमोर मटार सोलत होती.

"बाबा, आज रविवार आहे. मी इथेच आहे," मी म्हटलं.

"हो की," ते म्हणाले. तेही हळूच.

मला माझीच शरम वाटली. उठले, त्यांचा हात धरून त्यांना माझ्या खोलीत नेलं, माझ्या खुर्चीवर बसवलं. खाली त्यांचाच पाट होता. म्हटलं, "बाबा, मी दार लावते. आता हवं तेवढं मोठ्यानं बोला. मुकादमाची नक्कल करून दाखवा त्यांना."

दार लावून बाहेर उभी राहिले. पट्टी असूनही फोनमधला भावांचा आवाज येत होता. "हॅलो? हायेस का तू? हॅलो?" मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होते. तो येईना, तेव्हा दार जरासं उघडलं.

सासरे खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पाठ टेकलेली नव्हती. फोन तोंडाशी धरून ते भावांना सांगत होते, "मंग बोलतो, दादा. सुनेच्या हापिसात बसलो हाये."