शनिवारचा डबा

अरीबाचं कळंबोलीतल्या एका ट्रेलरवाल्याशी सूत जुळलंय, अशी कुजबूज गेल्या हिवाळ्यात खांदा कॉलनीपासून पार पनवेलच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचली होती. ट्रेलरवाला पंजाबी आहे, असं कोणी म्हणे. कोणी तर त्याच्या मिशांचीही मापं देई. कुजबूज जिथून उगवली त्या रमाकाकूंनी सुरुवातीला पाहिला होता तो फक्त एक डबा. पण काकूंसारख्या बाईला डबा पुष्कळ झाला.

अरीबा ही अय्यूबभाईंची थोरली. बी.कॉम. झाली आणि तिच्या डोक्यात शेअर बाजार शिरला. शेअर घेण्या-विकण्याचा नाद नव्हे. कंपन्यांचा अभ्यास करायचा, कुठली तगेल, कुठली बुडेल ते लिहायचं, असलं काहीतरी. मुंबईच्या मोठ्या ऑफिसांनी तिचे अर्ज उघडलेसुद्धा नाहीत. सगळ्यांना अनुभव असलेलं माणूस हवं होतं, आणि तो अनुभव यायचा कुठून, हे कोणी सांगत नव्हतं. शेवटी खांदा कॉलनीतल्या एरियल वाक्रूळकरांनी तिला बोलावलं. तीन खुर्च्यांचं ऑफिस, त्यातली एक मोडकी. सर कंपन्यांवर अहवाल लिहीत आणि ते मुंबईत विकत घेतले जात. "सहा महिने शीक," सर म्हणाले. "पगार नाही. पुढचं पुढे."

अय्यूबभाईंनी हे ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. कुवेतमध्ये अठरा वर्षं काढलेला माणूस. तिथे पगार उशिरा होई, पण होई.

"फुकट? अगं, मस्जिदीत झाडू मारलास तर सवाब तरी मिळेल."

"अब्बा, सहा महिनेच."

"ठीक. सहा महिने. नंतर पगार नसेल तर दुकानात बसायचं."

दुकान मोबाइलच्या कव्हरांचं होतं. तसं वाईट नव्हतं. पण गल्ल्यामागच्या त्या स्टुलावर एकदा बसलेलं माणूस पुन्हा उठताना अरीबाने पाहिलं नव्हतं. अब्बाच गेली सात वर्षं तिथे होते.

इथे तिच्या अम्मीने, जमिलाने, घोळ घातला. आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी बारा घरी मिठाईची ताटं पाठवली: अरीबाला नोकरी लागली. आता मोहल्ल्यात ताट रिकामं परत करत नाहीत. कोणी सांदणं घालून पाठवली, कोणी खजूर, आणि प्रत्येक ताटासोबत एक प्रश्न आला: पगार किती? जमिला म्हणाली, "अल्लाहचा करम आहे." तेवढ्यावर लोकांनी चाळीस हजार धरले. मुलगी बिनपगारी जाते, हे सांगण्याची वाट तिथेच बंद झाली.

आता तो डबा. एरियल सर बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात त्यांच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. घाणा गेला, शनिवार राहिला. सरांचं ऑफिस रविवारी उघडं आणि शनिवारी कुलूप. रमाकाकू त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, त्यामुळे ते कुलूप त्यांच्या चांगल्या ओळखीचं. आणि एका शनिवारी अरीबा त्यांना रिक्षा स्टँडवर दिसली. ऑफिसचे कपडे, खांद्याला पर्स, हातात डबा.

"ऑफिसला का गं?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," म्हणून ती कळंबोलीच्या रिक्षात बसलीसुद्धा.

काकूंची एक बहीण कळंबोलीला असते. चार महिन्यांत तिची आठवण झाली नव्हती, ती नेमकी तेव्हा झाली. मागच्या रिक्षातून त्यांनी पाहिलं ते असं: लोखंड बाजाराच्या फाटकासमोर चहाची टपरी, टपरीवर अरीबा, आणि शेजारी एक पगडीवाला ड्रायव्हर ट्रेलरच्या चाकांकडे बोट दाखवून तिला काही सांगतोय. अरीबा हसत होती. बहिणीकडे पोहोचेपर्यंत गोष्ट पुरी झाली होती; मिशा मागाहून लागल्या.

अय्यूबभाईंच्या कानावर ती आली तेव्हा साडेपाच महिने संपले होते. शनिवारी लेक निघाली, आणि पाठोपाठ यांनी स्कूटर काढली.

टपरीवर ती एकटीच होती. मांडीवर वही, त्यात उभ्या रेघांचे जुडगे. अब्बा समोर उभे राहिले तरी तिने मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

"एक मिनिट, अब्बा. हा गेला की सांगते." ट्रेलर फाटकातून बाहेर पडला, तिने रेघ ओढली. "तेवीस."

"काय तेवीस?"

"भरलेले. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी सपाट झाल्या की माल आहे, वर उचललेल्या असल्या की रिकामा. एका सरदारजींनी शिकवलं. सर ज्या पाइपवाल्या कंपनीवर लिहितायत ना, ती म्हणते कळंबोलीतून माल धडाधड उठतोय. मला वाटलं, बघावं तरी. हा दहावा शनिवार. दर आठवड्याला कमीच होतायत."

"हे सरांनी सांगितलं करायला?"

"नाही. त्यांना माहीतच नाही. चूक निघाली तर हसतील."

अय्यूबभाई बाकावर टेकले. "लोक काय बोलतात, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. खरं काय ते सांगितलं असतं, तर फुकट राबते हेही सांगावं लागलं असतं. अम्मीच्या बारा ताटांचं काय केलं असतं मग?"

कुवेतला पहिली दोन वर्षं ते भांडी घासत होते आणि पत्रांत स्वतःला सुपरवायझर लिहीत होते. ते त्यांना आठवलं. ते एवढंच म्हणाले, "तो निळा सुटला तुझा."

"रिकामा होता, अब्बा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने वही सरांपुढे ठेवली. सरांनी ती दोनदा वाचली.

"सुट्टीच्या दिवशी गेलीस?"

"सुट्टी तुमची, सर. बाजाराची नाही."

"दहा शनिवारांवरून काही सिद्ध होत नाही. बुधवारी काय असतं?"

"बुधवारी मी इथे असते. फुकट. बुधवारी मोजायचं तर पगार लागेल."

सर हसले नाहीत. मोडक्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "एक तारखेपासून." आकडा मोहल्ल्याने धरलेल्याच्या निम्मासुद्धा नव्हता. दुकानातल्या स्टुलावर अजूनही अय्यूबभाईच बसतात.

जमिलाने या खेपेला एकच ताट पाठवलं, रमाकाकूंना. ते चिवडा घालून परत आलं, आणि सोबत प्रश्न: ट्रेलरवाल्याचं काय झालं?

ट्रेलरवाला कोणी नव्हता. अरीबा शनिवारी लोखंड बाजारासमोर बसून भरलेले ट्रक मोजत होती, आणि त्याचा तिला पगार नव्हता.